सतरा नंबरचा फॉर्म आणि काबूलच्या विद्यार्थिनी

महाराष्ट्रात ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. घरच्या अडचणीमुळे शाळा सुटलेली मुलगी, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतलेली गृहिणी, लहान वयात कामाला लागलेला मुलगा, असे कितीतरी जण हा फॉर्म भरून दहावी-बारावीच्या परीक्षेला खासगीरीत्या बसतात. त्यांनी अभ्यास घरी केला की शिकवणीत, त्यांना कोणी शिकवले, शिकवणाऱ्याची पदवी काय होती, याची चौकशी परीक्षा मंडळ करीत नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हाती नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र यांवर काम भागते. पेपर लिहावा, उत्तीर्ण व्हावे. वर्षभर शाळेत हजेरी लावणाऱ्याइतकीच किंमत त्या प्रमाणपत्राला असते. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा असू शकतो, हे तिच्यामागचे तत्त्व आपण विसरूनच गेलो आहोत. अफगाणिस्तानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते सगळे या एका तत्त्वावर उभे आहे. त्यांना शिकवण्याचे काम जगभरातले स्वयंसेवक करीत आहेत आणि पुष्कळ अंशी चांगले करीत आहेत. अडले आहे ते परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्याचे. ते काम प्रस्थापित विद्यापीठांनी, आणि त्यांत आपल्याकडच्या विद्यापीठांनीही, अंगावर घेतले पाहिजे.

घटनाक्रम थोडक्यात आठवू. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतले. पुढच्या महिन्यात मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या उघडल्या नाहीत. २३ मार्च २०२२ रोजी त्याही उघडणार असे जाहीर झाले होते. मुली दप्तरे घेऊन शाळांत पोहोचल्या आणि काही तासांतच त्यांना घरी पाठवण्यात आले. विद्यापीठांत मात्र पडदे लावून, मुलामुलींच्या वेळा वेगळ्या करून, मुलींचे वर्ग आणखी काही महिने चालू होते. २० डिसेंबर २०२२ रोजी उच्च शिक्षण मंत्रालयाच्या एका पत्राने तेही बंद झाले. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००१ साली उच्च शिक्षणात सुमारे ५,००० अफगाण स्त्रिया होत्या आणि २०२१ पर्यंत ही संख्या १ लाखाच्या वर गेली होती. वीस वर्षांची ती वाटचाल त्या पत्राने थांबवली. उरलीसुरली एक फट होती ती परिचारिका आणि सुईणींच्या प्रशिक्षण संस्थांची. डिसेंबर २०२४ मध्ये तीही बुजवण्यात आली.

या बंदीला पहिले उत्तर दिले ते सामान्य शिक्षकांनी. इंग्लंडमधील ब्रायटन येथे राहणाऱ्या अँजेला गयूर या अफगाणिस्तानातल्या हेरात शहरच्या शिक्षिकेने २०२१ मध्येच ‘हेरात ऑनलाइन स्कूल’ सुरू केले. १९९२ च्या यादवीत आठ वर्षांच्या असताना त्या कुटुंबासह इराणला गेल्या होत्या आणि कागदपत्रांच्या अडचणीमुळे तिथे काही वर्षे त्यांनाच शाळेत प्रवेश मिळाला नव्हता. टेलिग्राम आणि स्काइपवर चालणाऱ्या त्यांच्या शाळेत थोड्याच काळात सुमारे हजार विद्यार्थी आणि चारशेच्या आसपास स्वयंसेवक शिक्षक जमले. ८ मार्च २०२४ रोजी पॅरिसहून ‘बेगम टीव्ही’ सुरू झाला आणि शालेय अभ्यासक्रमाचे पाठ दरी (अफगाणिस्तानातली फारसी) आणि पश्तू भाषांत उपग्रहामार्फत घरोघरी पोहोचू लागले. उच्च शिक्षणात सर्वांत मोठा हात दिला तो अमेरिकेतील ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल’ने. २००९ मध्ये शाय रेशेफ यांनी स्थापन केलेले हे विद्यापीठ शिकवणीचे शुल्क घेत नाही, तिथल्या कामाचा मोठा भार स्वयंसेवक प्राध्यापक उचलतात, त्याला अमेरिकेत मान्यता आहे, आणि हजारो अफगाण स्त्रियांनी तिथे नाव नोंदवले आहे. याखेरीज परागंदा झालेल्या अफगाण प्राध्यापकांनी आपापल्या परीने उभारलेली छोटी-मोठी ऑनलाइन विद्यापीठे आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे ना इमारत, ना निधी, ना कोणत्याही देशाची मान्यता. माझा अनुभव या शेवटच्या प्रकारातला आहे.

पुण्यात अफगाण विद्यार्थ्यांची परंपरा जुनी आहे. माझ्या वर्गात पूर्वी शिकून गेलेल्या एका अफगाण विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी विचारले, ‘मॅडम, आठवड्यातून दोन तास द्याल का?’ तेव्हापासून मी दर सोमवारी आणि बुधवारी रात्री आठ वाजता अकरा विद्यार्थिनींना संख्याशास्त्राची तोंडओळख करून देते. तेव्हा काबूलमध्ये सात वाजलेले असतात. आपल्या आणि त्यांच्या घड्याळांत फक्त एका तासाचा फरक आहे. कॅलिफोर्नियातल्या स्वयंसेवकाला याच वर्गासाठी हिवाळ्यात सकाळी साडेसहाला बसावे लागते, आपल्याला जेवण लवकर उरकले की पुरते. भारतातल्या शिक्षकांनी या साध्या भौगोलिक सोयीचा विचार करावा, असे मला फार वाटते.

या वर्गात चेहरे दिसत नाहीत. अकरा काळे चौकोन असतात आणि त्यांवर फुलांची नावे किंवा नुसती अक्षरे असतात. बहुतेक जणी बोलत नाहीत, टंकून लिहितात. घराच्या भिंतीपलीकडे आवाज जाऊ नये म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये तालिबानने काढलेल्या कायद्याने स्त्रीचा आवाजही झाकून ठेवण्याची गोष्ट ठरवला, तेव्हापासून तर आधी बोलणाऱ्या दोघीही लिहू लागल्या. मधेच कुणीतरी लिहिते, ‘बर्क रफ्त’. वीज गेली. मग त्या तासाचे ध्वनिमुद्रण अगदी लहान आकाराच्या फायलीत करून पाठवायचे, कारण मोबाइलचा डेटा महाग आहे आणि तो फोन कित्येकदा भावाचा असतो. त्या मला ‘उस्ताद’ म्हणतात. वर्गात कलम, कागद, दफ्तर, इम्तिहान, असे ओळखीचे शब्द सारखे कानावर आणि डोळ्यांवर पडतात आणि फारसीने मराठीला काय काय दिले आहे याची आठवण होते. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, शिकवताना मी प्रत्येकीला स्वतःची आकडेवारी गोळा करायला सांगितली होती. एकीने तीस दिवस, रोज घरात किती तास वीज होती, याची नोंद ठेवली, सरासरी काढली, विचलन काढले आणि खाली एक वाक्य लिहिले: सरासरीपेक्षा मला विचलनाचा त्रास जास्त होतो, कारण वीज कधी येईल ते ठाऊक नसल्याने अभ्यासाची वेळ ठरवता येत नाही. इतक्या वर्षांच्या अध्यापनात विचलनाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने सांगणारी उत्तरपत्रिका माझ्यापुढे क्वचितच आली आहे.

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. आठ वाजता वर्ग उघडला आणि कुणीच आले नाही. थोड्या वेळाने बातम्यांतून कळले की सबंध अफगाणिस्तानचे इंटरनेट बंद करण्यात आले आहे. त्याआधी दोन आठवड्यांपूर्वी बाल्ख प्रांतात आणि मग इतरत्र ‘अनैतिकता रोखण्यासाठी’ म्हणून फायबरची जोडणी तोडण्यात आली होतीच. सुमारे ४८ तासांनी, बुधवारी, इंटरनेट परत आले. त्या रात्री अकरापैकी नऊ जणी हजर होत्या आणि एकीने गृहपाठही केलेला होता. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. ज्यांच्या शिक्षणाचा दोर कुणीही केव्हाही कापू शकतो, त्यांच्या हातात आपण काय ठेवतो आहोत हा प्रश्न त्या दोन रात्रींत मला फार टोचला. ज्ञान ठेवतो आहोत हे खरे. पण त्याला कागदाचा आधार नाही.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी डिसेंबर २०२२ पर्यंत विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. त्यानंतर तिने आमच्यासारख्या स्वयंसेवी वर्गांतून नऊ विषय पुरे केले, प्रत्येकाची परीक्षा दिली. मग तिने परदेशातील एका विद्यापीठाकडे अर्ज केला. त्यांनी आस्थेने उत्तर पाठवले आणि तिच्या मूळ गुणपत्रिकेवर काबूलच्या मंत्रालयाचा शिक्का मागितला. ज्या मंत्रालयाने तिला बाहेर काढले, त्याच्याच दारात तिने शिक्क्यासाठी उभे राहावे, अशी ती अपेक्षा होती. नऊ विषयांचे काय, या प्रश्नाला उत्तर आले की मान्यताप्राप्त संस्थेतले श्रेयांक (क्रेडिट) असतील तरच विचार होईल. नियमाने वागणाऱ्या त्या अधिकाऱ्याचा मला राग आला नाही. नियम करणाऱ्यांनी ही परिस्थिती डोळ्यांसमोर आणलीच नाही, याचे वाईट वाटले.

मान्यतेचा हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, अशी थोर माणसे पाठीशी होती. सरकारची मान्यता मात्र नव्हती. स्त्रियांना मातृभाषेतून शिकवायचे आणि अभ्यासक्रम आपण ठरवायचा, म्हणून कर्व्यांनी मान्यतेवाचून चालवण्याचे पत्करले. पदव्यांची नावेही त्यांनी स्वतंत्र ठेवली, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला लागले, पैशाची विवंचना बरीच मिटली. तरी कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे. पहिल्या वर्षी वयाच्या विशीत असलेली विद्यार्थिनी तोवर पन्नाशी ओलांडून गेली. कर्व्यांच्या चिकाटीचे आपण गोडवे गातो आणि ते योग्यच आहे, पण त्या पस्तीस वर्षांची किंमत कर्व्यांपेक्षा त्या पदवीधर स्त्रियांनी मोजली, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. शिवाय कर्व्यांच्या हिंगण्याच्या विद्यार्थिनीला रस्त्याने चालत वर्गापर्यंत जाता येत होते. काबूलच्या विद्यार्थिनीला तेही नाही. तिला पस्तीस वर्षे थांबा म्हणून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लवकर मान्यता मिळवून देण्याची वाट कशी असते, याचे उदाहरण अफगाणिस्तानच्या शेजारीच आहे. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये बहाई या धार्मिक अल्पसंख्य समाजाच्या तरुणांना विद्यापीठांची दारे बंद झाली आणि बहाई प्राध्यापकांना कामावरून काढण्यात आले. १९८७ मध्ये या काढून टाकलेल्या प्राध्यापकांनी आपली स्वतःची उच्च शिक्षण संस्था सुरू केली. वर्ग राहत्या घरांत भरत, टिपणे टपालाने जात. पुढे इंटरनेट आल्यावर परदेशातले स्वयंसेवक अध्यापकही जोडले गेले. १९९८ मध्ये शेकडो घरांवर छापे पडले, पुस्तके आणि संगणक जप्त झाले, डझनावारी शिक्षकांना अटक झाली. २०११ मध्ये पुन्हा तेच झाले आणि काहींना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. तरीही संस्था चालू राहिली, आणि इराणने तिच्या पदव्यांना कधीही मान्यता दिली नसताना तिच्या पदवीधरांना अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अनेक विद्यापीठांनी पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश दिला. हे कुठल्या आंतरराष्ट्रीय कराराने झालेले नाही. एकेका विद्यापीठाने, एकेका विभागाने, समोर आलेल्या विद्यार्थ्याचे काम पाहून निर्णय घेतला. पहिल्यांदा प्रवेश मिळालेला विद्यार्थी चांगला निघाला की दुसऱ्याची वाट सोपी होते, दहाव्याच्या वेळी कुणी शंका घेत नाही.

आपल्या विद्यापीठांनी नेमके काय करावे, ते आता सांगते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि सुरुवातीला त्याचे मुख्य काम शिकवण्याचे नव्हते. महाविद्यालयांत शिकलेल्यांची परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे होते. म्हणजे परीक्षक विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडे विद्यापीठांइतकीच जुनी आहे. मुक्त विद्यापीठांनी ती आणखी पुढे नेली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्या हजारो माणसांना पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमाच्या वाटेने पदवीपर्यंत आणले. २०२१ पासून आपल्याकडे श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी आहे, आणि एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरून करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे. म्हणजे वर्गाबाहेर मिळवलेले ज्ञान मोजण्याची साधने आपल्याजवळ तयार आहेत. अफगाण विद्यार्थिनींसाठी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ काढायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही. विद्या परिषदेचा एक ठराव, आयोगाची एक परवानगी आणि परीक्षा विभागातली चार-पाच तळमळीची माणसे लागतात.

यात एक गोष्ट फार तातडीची आहे. २०२१ मध्ये सहावी झालेली बारा-तेरा वर्षांची मुलगी आज सतरा-अठराची, म्हणजे महाविद्यालयाच्या वयाची झाली आहे. तिच्याकडे सहावीनंतरचा कोणताही दाखला नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्या दिल्या, ही चांगली गोष्ट झाली, पण पदवीच्या प्रवेशाला बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र लागतेच. ते जवळ असलेल्या स्त्रिया म्हणजे जुन्या राजवटीत शाळा संपवलेल्या स्त्रिया, आणि त्यांची संख्या दर वर्षी घटत जाणार. आणखी चार-पाच वर्षांनी शिष्यवृत्त्या उपलब्ध असतील आणि कागदोपत्री पात्र अशी तरुण मुलगी मिळणार नाही. म्हणून प्रवेशाची अट दाखल्याची न ठेवता प्रवेश परीक्षेची ठेवावी आणि तिच्यासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम असावा. तो शिकवायला स्वयंसेवक आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो कॉपीचा. घरी बसून, कॅमेरा बंद ठेवून दिलेल्या परीक्षेवर विश्वास कसा ठेवायचा? आक्षेप रास्त आहे आणि परीक्षक म्हणून मी तो हलका मानत नाही. माझ्या अनुभवात यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे तोंडी परीक्षा. लेखी प्रश्नपत्रिका चोवीस तासांसाठी खुली ठेवावी, म्हणजे वीज कधी येईल याची धास्ती राहत नाही, आणि नंतर परीक्षक बाईंनी वीस मिनिटे त्याच उत्तरांवर प्रश्न विचारावेत. दुसऱ्याने लिहून दिलेले उत्तर तोंडी परीक्षेत पाच मिनिटांतच उघडे पडते. यात परीक्षकाचा वेळ जास्त जातो, पण मी शंभर-दोनशे विद्यार्थिनींबद्दल बोलते आहे. लाखो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्या विद्यापीठांना हा भार न पेलणारा नाही. शुल्क मात्र पूर्ण माफ असले पाहिजे. अफगाण बँकांचा जगाशी व्यवहार इतका तुटलेला आहे की शंभर रुपये भरायचे म्हटले तरी ते पाठवायचे कसे, इथेच गाडी अडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विद्यार्थिनींच्या जिवाशी निगडित आहे. परीक्षेची नोंद ठेवायची तर नाव, छायाचित्र आणि ओळखपत्र लागणार, आणि अशी यादी भलत्या हाती पडली तर काय होईल? ही भीती खरी आहे. ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातील काज शिकवणी केंद्रात विद्यापीठाच्या प्रवेशाची सराव परीक्षा चालू असताना आत्मघातकी स्फोट झाला आणि ५० हून अधिक जण मारले गेले, त्यांत बहुसंख्य हजारा या अल्पसंख्य समाजातील तरुण मुली होत्या. त्या देशात परीक्षेला बसणे म्हणजे काय, हे त्यांना आपण सांगण्याची गरज नाही. आपले काम एवढेच की आपल्या निष्काळजीपणाने त्या धोक्यात भर पडू नये. एकेकाळी आपल्याकडे दहावीचा निकाल वर्तमानपत्रात नुसत्या बैठक क्रमांकांनी छापून येत असे. नाव फक्त ज्याचे त्याला ठाऊक. तशीच व्यवस्था इथे हवी. क्रमांक आणि नाव यांची सांगड घालणारी एकच नोंद विद्यापीठातल्या दोन जबाबदार व्यक्तींकडे असावी, आणि पदवीचा कागद विद्यार्थिनी स्वतः मागेल तेव्हा आणि मागेल तिथेच द्यावा. वर्ग चालू असतानाच्या पडद्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या स्वयंसेवकांना तर पहिल्याच दिवशी थांबवले पाहिजे. हेतू चांगला असतो, पण एखादी खिडकी, एखादा पडदा, एखादे टोपणनाव ओळखू येऊ शकते.

‘पदवी घेऊन करायचे काय, नोकरी तर करता येत नाही,’ असे विचारणारे भेटतात. उत्तर सोपे आहे. ज्या स्त्रीला देश सोडता येतो तिला ती पदवी पुढच्या शिक्षणाला आणि कामाला लागते. जिला सोडता येत नाही ती घरबसल्या भाषांतर, लेखा, संगणकाची कामे करू शकते, आणि माझ्या अकरापैकी चौघी जणी आपल्या धाकट्या बहिणींना आणि शेजारच्या मुलींना आजही शिकवीत आहेत. आपल्याकडे कुण्या मुलीला पदवीच्या वर्गात घेताना नोकरीची हमी विचारत नाहीत. ती अट अफगाण मुलीलाच का?

ऑनलाइन शिक्षण सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे. माझ्या वर्गात शहरी आणि त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या घरच्या मुली आहेत. दूरच्या डोंगराळ जिल्ह्यात, जिथे फोन नाही आणि इंग्रजी कुणाला येत नाही, तिथली मुलगी या चर्चेत कुठेच नाही. तिच्यासाठी रेडिओ आणि उपग्रह वाहिन्या अधिक कामाच्या आहेत. आणि काही विद्या पडद्यावरून शिकवता येतच नाहीत. सुईणीचे काम हाताने शिकायचे असते, बाळंतिणीच्या उशापायथ्याशी उभे राहून. जगात मातामृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत ज्याची गणना होते आणि जिथे अनेक घरांत स्त्रीला परपुरुष डॉक्टरकडे नेतच नाहीत, त्या देशात नवीन परिचारिका आणि सुईणी तयार होणे थांबले आहे. त्याचा हिशेब पुढच्या दहा वर्षांत आया आणि अर्भके चुकवणार आहेत. माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गाने यात तसूभर फरक पडत नाही, आणि ऑनलाइन शिक्षणाने प्रश्न सुटला असे कुणी म्हणू लागला तर त्याला पहिला विरोध आम्ही स्वयंसेवकांनीच केला पाहिजे. ८ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदजादा आणि त्यांचे सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले. शाळा-विद्यापीठांची दारे उघडण्याची मागणी त्या पातळीवर लढवावीच लागेल. तोपर्यंत ज्या मुलींचे वय निघून चालले आहे त्यांना पदवी देणे हे त्या मागणीच्या आड येत नाही. उलट ज्ञानाला रीतसर मान्यता मिळालेल्या स्त्रिया देशात असतील तर उद्या ती दारे उघडल्यावर शिकवायला माणसे लागतील, ती कुठून आणायची हा प्रश्न पडणार नाही.

स्वयंसेवकांबद्दलही एक तक्रार माझ्या मनात आहे. बातमी ताजी असते तेव्हा शिकवायला शंभर जण पुढे येतात, सहा महिन्यांनी वीस उरतात. सत्राच्या मध्यावर शिक्षक निघून गेला म्हणून अर्धवट राहिलेला विषय हा त्या मुलींच्या पदरी पडलेला आणखी एक बंद वर्ग असतो. शक्य नसेल तर घेऊ नये, घेतला तर सत्र पुरे करावे. आणि किती मुलींनी नाव नोंदवले हे सांगण्याऐवजी किती जणींनी विषय पुरे केले ते आपण जाहीर करू लागलो, तर विद्यापीठांशी बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.

भारत सरकारला यात बोलायला जागा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले, त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता, टीका झाल्यावर दुसरी घ्यावी लागली आणि तीत त्या समोर बसल्या. त्याच भेटीत काबूलमधील भारताच्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचे जाहीर झाले. संबंध ठेवायचे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण ठेवलेच आहेत तर काबूलहून दाखले पडताळून आणण्याचे काम त्या दूतावासाने का करू नये, आणि जिथे पडताळणी धोक्याची आहे तिथे प्रतिज्ञापत्र चालेल असे आपल्या विद्यापीठांना का कळवू नये? ऑगस्ट २०२१ मध्ये आपण अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले, आणि करोनाच्या काळात घरी गेलेले कितीतरी विद्यार्थी, त्यांत पुण्याचेही, तिकडेच अडकले. त्यांचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करून देण्याचे एक देणेही आपल्या खात्यावर आहे.

माझ्या वर्गाचे हे सत्र संपत आले आहे. लेखी पेपर झाला, तोंडी परीक्षा दोन संध्याकाळी मिळून घेतली. अकरापैकी नऊ उत्तीर्ण झाल्या, एकीला पुन्हा बसावे लागेल, आणि एक महिनाभर आलेली नाही. तिची चौकशी करायची कशी हे कुणालाच सुचत नाही. नऊ जणींचे गुण, त्यांच्या उत्तरपत्रिका आणि तोंडी परीक्षेची टिपणे मी विषयवार लावून ठेवली आहेत. ती कोणत्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवायची, तो पत्ता मला हवा आहे.